आधी हक्क, मग खडी

मुंबईच्या उपनगरांत सायकल चालवणाऱ्यांमध्ये एक मत इतके रुळले आहे की ते मत आहे हेच कुणाच्या लक्षात राहिलेले नाही. ते असे : ग्रॅव्हल बाइकिंग, म्हणजे डांबर सोडून मुरमाच्या, खडीच्या, बांधाकडेच्या वाटांनी दिवसभर सायकल हाकणे, हा इंग्लंडच्या ग्रामीण भागाचा खेळ आहे. तिथे मोकळी टेकाडे आहेत, कुंपणांच्या मधून जाणाऱ्या जुन्या वाटा आहेत. अंधेरी-घाटकोपरच्या माणसाने ते मोबाइलवर पाहावे. फार हौस असेल तर सायकल मोटारीच्या टपावर बांधून इगतपुरी नाहीतर भंडारदरा गाठावे. घराजवळच हवे असेल, तर महापालिका सायकल ट्रॅक बांधून देईल त्या दिवसाकडे डोळे लावून बसावे.

या मताची दोन अंगे आहेत. पहिले, उपनगरांत अशा वाटा नाहीत. दुसरे, वाटा हव्या असतील तर त्या बांधाव्या लागतील. मला दोन्ही मान्य नाहीत. पहिले विधान अज्ञानातून आलेले आहे आणि त्याने फारसे कुणाचे बिघडत नाही. दुसऱ्याने मात्र गेल्या पंधरा वर्षांत पैसा, पाणथळ जमीन आणि माणसांची आयुष्ये या तिन्हींचे नुकसान केले आहे. म्हणून खंडन दोहोंचे करायचे असले तरी भर दुसऱ्यावर आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात अर्थ नसतो, तेव्हा त्याचे बळ आधी सांगतो. उपनगरांतली जागा सोन्याच्या भावाची आहे. मोकळी दिसते ती एकतर राष्ट्रीय उद्यान आहे, नाहीतर मिठागर, नाहीतर वादातली जमीन. जंगलात बिबटे आहेत. पावसाळ्यात चार महिने वाटांचा चिखल होतो. आणि जिथे फूटपाथवरून माणसाला धड चालता येत नाही, तिथे सायकलच्या चैनीसाठी वाट मागणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते. हे आक्षेप पोकळ नाहीत. प्रत्येकाकडे पुढे येतो. आधी ज्या इंग्लंडचा दाखला दिला जातो, तिथे खरोखर काय आहे ते पाहू.

इंग्लंडचा ग्रामीण भाग मोकळा आहे, हा समज मुळात चुकीचा. तिथली बहुतेक जमीन खासगी आहे. २००० सालच्या कायद्याने मुक्त संचाराचा जो हक्क दिला तो पायी चालणाऱ्याला, आणि तोही देशाच्या सुमारे ८ टक्के जमिनीवर. उरलेल्या ठिकाणी माणूस सार्वजनिक वाटेच्या रेषेवरून चालतो. रेषा सोडली की ते परक्याच्या जमिनीत शिरणे ठरते. सायकलवाल्याचा वाटा त्याहून लहान. सार्वजनिक वाटांच्या एकूण जाळ्यापैकी जेमतेम २२ टक्के लांबीवर त्याला कायद्याने जाता येते. प्रसिद्ध रिजवे ही खडूच्या डोंगरधारेवरून जाणारी प्राचीन वाट घ्या. थेम्स नदीच्या पश्चिमेकडचा तिचा भाग सायकलला खुला आहे, पूर्वेला तिचा बराच भाग फक्त पायवाट आहे. एकच वाट, एकच माती, तीच टेकडी. अर्ध्यावर सायकलचा हक्क संपतो. निसर्गाने वाट दिली असती तर असे झाले नसते.

तिथली वाट कायद्याने दिलेली आहे, आणि कायदा सहजी झालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातल्या कामगार तरुणांनी किंडर स्काउट या पठारावर जाणूनबुजून सामूहिक घुसखोरी केली. पठार जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवलेले होते. पाच जण तुरुंगात गेले. १९४९ साली राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांचा कायदा आला. त्याने प्रत्येक काउंटीला आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावले. पाहणीचे बरेचसे काम गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी केले : कुठली वाट कुठून निघते, कोण वापरते, किती वर्षांपासून. नकाशावर रेषा उमटली की ती वाट अडवणे हा गुन्हा झाला.

सायकलचा प्रवेश त्यानंतरचा. १९६८ च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टच्या कलम ३० ने ब्राइडलवेंवर, म्हणजे पादचारी आणि घोडेस्वार यांच्या जुन्या वाटांवर, सायकल नेण्याचा हक्क दिला. त्या कलमातल्या दोन अटी आपल्याकडच्या वादात कुणी वाचलेल्या दिसत नाहीत. एक, सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचे. दोन, सायकल नीट चालावी म्हणून ती वाट सोयीची करून देण्याचे कुठलेही बंधन प्रशासनावर येत नाही. वाट जशी आहे तशी. दगड आहेत तर दगड, चिखल आहे तर चिखल. एक पौंड खर्च न करता संसदेने हजारो मैलांची वाट सायकलला खुली केली. आज विंचेस्टर ते ईस्टबोर्न हा सुमारे १६० किलोमीटरचा साउथ डाउन्स वे सायकलने पार करता येतो तो या कलमामुळे. २०२० साली आखलेला सुमारे ३५० किलोमीटरचा ‘किंग अल्फ्रेड्स वे’ हा ग्रॅव्हलवाल्यांचा लाडका फेरा तर केवळ आखलेलाच आहे. जुन्या वाटा, गाडीरस्ते आणि शांत डांबरी गल्ल्या एका रेषेत जोडल्या, एवढेच. तो कुणी बांधला नाही.

म्हणजे ज्या देशाकडे बोट दाखवून ‘आपल्याकडे ते नाही’ म्हटले जाते, त्या देशाचे खरे वेगळेपण टेकडीत नाही, खडीत तर नाहीच. जुन्या वाटेवर जाण्याचा हक्क नोंदवून ठेवण्यात ते आहे. आता प्रश्न उलटा विचारू : उपनगरांत जुन्या वाटा आहेत का?

बोरिवली आणि मुलुंड १९५७ पर्यंत मुंबईत नव्हतेच. अंधेरी आणि घाटकोपर बृहन्मुंबईच्या हद्दीत आले ते १९५० मध्ये. त्याआधी हा सगळा मुलूख साष्टी बेटावरच्या गावांचा, पाड्यांचा, कोळीवाड्यांचा आणि मिठागरांचा होता. ज्या पिढीला आपण आजी-आजोबा म्हणतो तिच्या हयातीतली ही गोष्ट. गावे बुडाली, पण त्यांना जोडणाऱ्या वाटा सगळ्याच बुडाल्या नाहीत.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. त्यातून कान्हेरीकडे चढत जाणारा रस्ता सायकलवाल्यांच्या ओळखीचा आहे. सकाळी तिथे भाड्याच्या सायकलीही फिरतात. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा, नाशिक इथल्या दात्यांची नावे आहेत. त्यांची दाने या डोंगरापर्यंत आली, त्या अर्थी इथे वाटांचे जाळे दोन हजार वर्षांचे आहे. आरे दूध वसाहत १९४९ साली स्थापन झाली, इंग्लंडचा वाटांचा कायदा झाला त्याच वर्षी. सुमारे १,२८७ हेक्टरच्या त्या परिसरात गोठ्यांकडे, कुरणांकडे आणि सत्तावीस आदिवासी पाड्यांकडे जाणारे लहान रस्ते आहेत. त्यातले कित्येक आज खडी उघडी पडलेले आहेत. पालिकेच्या भाषेत हे ‘रस्ते खराब’. ग्रॅव्हलवाला ज्याच्यासाठी पैसे मोजून परदेशी जातो ते नेमके हेच.

पश्चिमेला मार्वेहून तरीत सायकल चढवली की पलीकडे मनोरी, गोराई, उत्तन; खाडीकाठची, वाडी-बागायतीची आडवाट. पूर्वेला भांडुप-मुलुंडच्या मिठागरांचे बांध ठाणे खाडीपर्यंत जातात. आणि या सगळ्यांत महत्त्वाची, पण सर्वांत कमी ओळखली जाणारी वाट म्हणजे तानसा जलवाहिनीची. मुंबईने पाण्यासाठी विहार तलाव १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये, पवई १८९१ मध्ये आणि तानसा १८९२ मध्ये पुरा केला. तानसाचे नळ मुलुंडहून घाटकोपरकडे येतात, तिथून एक शाखा शीवकडे आणि एक सहारकडे जाते. नळाला देखभालीची वाट लागतेच. चढ-उतार कमी, सिग्नल नाहीत, मोटारींची वर्दळ नाही. इंग्लंडमध्ये याला तंतोतंत जुळणारी गोष्ट म्हणजे कालव्याकाठचे टोपाथ. नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी पाडलेल्या या वाटांवरून आज सायकली जातात. त्यातले बहुतेक टोपाथ कायद्याने सार्वजनिक वाटसुद्धा नाहीत. कालव्यांचा कारभार पाहणारा न्यास लोकांना जाऊ देतो, नियम घालून देतो, इतकेच.

कुणी म्हणेल, वाट असेल, पण यंत्र कुठे आहे? लाखभर रुपयांची खास सायकल घेतल्याशिवाय हा खेळ होत नाही. हाही समज तपासावा. ग्रॅव्हल बाइकचे मर्म तिच्या टायरात आहे : साधारण ४० मिलिमीटर रुंद, कमी हवेवर चालणारा. आपल्या दूधवाल्याच्या, गॅस सिलिंडरवाल्याच्या काळ्या सायकलला पिढ्यान्‌पिढ्या ‘२८ बाय दीड’चा टायर लागत आला आहे. आंतरराष्ट्रीय मापात त्याची नोंद ४०-६३५ अशी होते. रुंदी तीच, चाळीस मिलिमीटर. गिअर नाहीत, वजन दुप्पट, पण चाक ग्रॅव्हलचेच. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी सुमारे ७१ हजार किलोमीटरची ती फेरी मार्च १९२८ मध्ये पुरी केली. त्यांच्या वाटेतला किती भाग डांबरी होता, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. इंग्लंडमध्ये खडबडीत वाटांची हौस असणाऱ्यांनी ‘रफ-स्टफ फेलोशिप’ हे मंडळ काढले ते १९५५ साली, तेही साध्या प्रवासी सायकलींवर. ‘ग्रॅव्हल’ हे नाव आणि त्याची बाजारपेठ अमेरिकेतून आली. कॅन्सस राज्यातली मोठी शर्यत २००६ ची, आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत झाली. खेळ परदेशी आहे म्हणून इथे रुजणार नाही, हा युक्तिवाद इंग्लंडलाही लागू पडेल.

पहिले विधान इथे संपते. वाटा आहेत, चाकेही आहेत. आता दुसरे.

‘वाट हवी तर बांधा’ या विचाराची आपण तीन वेळा परीक्षा घेतली आहे. पहिली वांद्रे-कुर्ला संकुलात. २०११ साली एमएमआरडीएने सुमारे साडेसहा कोटी रुपये खर्चून तिथे १३ किलोमीटरचा सायकल ट्रॅक केला. काही काळातच त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि तो नावापुरता उरला. याचे खापर ‘मुंबईकरांना शिस्त नाही’ यावर फोडले जाते. कारण त्याहून साधे आहे. रंगवलेल्या पट्टीमागे कुणाचा वहिवाटीचा हक्क नव्हता, जुने वापरकर्ते नव्हते, ती वाट अडवली तर बोंब मारणारे कुणी नव्हते. जी वाट कुणाची नसते ती पार्किंगची होते.

दुसरी परीक्षा पवई तलावाची. पालिकेने तलावाच्या काठाने सायकल आणि जॉगिंगसाठी ट्रॅक घेतला. जाळीच्या पेट्यांत दगड भरून, गॅबियन पद्धतीने तो उभारायचा होता. काँक्रीट नाही म्हणून तो पर्यावरणाला धार्जिणा, असे सांगितले गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांचा आधार घेऊन ते काम बेकायदा ठरवले आणि केलेले बांधकाम काढून काठ पूर्ववत करायला सांगितले. त्या तलावात मगरी आहेत, त्यांना काठ लागतो, हे तिथे राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. सायकल ही प्रदूषण न करणारी वस्तू आहे यावरून तिच्यासाठी केलेले बांधकामही निरुपद्रवी असते, असे सिद्ध होत नाही. चाकाखालून दगडांचा थर तलावात सरकतो तेव्हा पाणी हे विचारत नाही की वर मोटार चालणार आहे की सायकल.

तिसरी परीक्षा सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत वेदनादायक : तानसा जलवाहिनीची. जलवाहिनीच्या सुरक्षेचा प्रश्न जनहित याचिकेने उच्च न्यायालयात गेला आणि नळाच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश झाला. हजारो झोपड्या पडल्या. मोकळी झालेली जागा पुन्हा व्यापली जाऊ नये म्हणून पालिकेने तिच्यावर ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक योजला, ‘ग्रीन व्हील्स अलाँग ब्लू लाइन्स’ या देखण्या नावाने. २०१७ च्या सुमारास त्याचा खर्च सुमारे ३०० कोटी रुपये सांगितला जात होता. हटवलेल्यांपैकी अनेकांना माहुलला पाठवले गेले, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. त्या भागातल्या हवेचा आरोग्याला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच नोंदवले होते. ऑक्टोबर २०१८ पासून माहुलचे रहिवासी विद्याविहारला रस्त्याच्या कडेला धरणे धरून बसले. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजारांची अनामत द्यायला सांगितले.

इथे न्याय्य बोलायला हवे. झोपड्या सायकल ट्रॅकसाठी पाडल्या नाहीत. आदेश पाण्याच्या सुरक्षेचा होता. पण मोकळ्या जागेला कुंपण म्हणून सायकल वापरायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याने सायकलचा मोठा अपमान केला. त्याने उपनगरांतल्या हजारो कुटुंबांना शिकवले की सायकल म्हणजे तुमचे घर गेल्यावर त्या जागी येणारी वस्तू. नळाच्या कडेने शाळेला, कामाला, पाण्याला जाणारे लोक ही त्या वाटेची पहिली वहिवाट होती. ती नोंदवायची सोडून ती पुसून टाकली, आणि मग रिकाम्या पट्ट्यावर ‘सायकल संस्कृती’ रुजवण्याची स्वप्ने पाहिली. १९४९ च्या इंग्लंडने नेमके याच्या उलट केले होते : आधी कोण चालते ते विचारले, मग रेषा ओढली.

तिन्ही प्रकरणांत दोष एकच. सायकलला वाट देणे म्हणजे बांधकाम खात्याचे काम, असे आपण धरून चाललो. बांधकाम म्हटले की निविदा, निविदा म्हटली की रुंदी, फरसबंदी, दिव्यांचे खांब, उद्घाटन. हक्काचा प्रश्न त्यात येतच नाही.

आता माझ्या मताविरुद्धचे आक्षेप.

पहिला, वन्यजीवांचा. २०१८ च्या कॅमेरा-ट्रॅप पाहणीत राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आणि भोवताली ४७ बिबटे आढळले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन दिवाळीत आरेत बिबट्याच्या हल्ल्यात एका चिमुरडीचा जीव गेला. तेव्हा जंगलात सायकलींना मोकाट सोडा, असे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल, आणि माझे म्हणणे ते नाही. नवी एकही वाट पाडायची नाही. राष्ट्रीय उद्यानाचा गाभा बंदच राहावा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ ने प्रवेशावर बंधने घातली आहेत, आणि कलम २८ ने पर्यटनासह काही कारणांसाठी परवाने देण्याची सोयही ठेवली आहे. जिथे आज बस आणि जीप जाते त्या रस्त्यावर सूर्य उगवल्यानंतर आणि मावळण्याआधी सायकल जाण्याने बिबट्याचे नवे काही बिघडत नाही. ज्यांना वन्यजीवांची खरी चिंता आहे त्यांनी त्याच डोंगराखालून होणाऱ्या गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा विचार करावा. १२.२ किलोमीटरच्या त्या रस्त्यात प्रत्येकी ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. मोटारीला पूर्व-पश्चिम जायचे असेल तर डोंगर पोखरायची तयारी आहे. सायकलला आहे त्या रस्त्याने जायचे तर नियम आठवतात.

दुसरा आक्षेप पावसाचा. चार महिने चिखल, हे खरे. त्यावर उत्तर बंदी हेच. हिवाळ्याच्या ओल्या महिन्यांत रिजवेच्या काही भागांवर मोटारवाहनांना जाऊ देत नाहीत, कारण ओली वाट चाकांनी फाटते. आपण जून ते सप्टेंबर नाजूक वाटांवर सायकललाही मनाई करावी. ऋतू पाहून बंद होणारी वाट ही वाट नसते, असा काही नियम नाही.

तिसरा आक्षेप गर्दीचा. इथे पादचारीच इतके, सायकल घुसवायची कुठे? याचे उत्तर कलम ३० च्या पहिल्या अटीत आहे. पायी चालणारा आधी. वेगाचा हक्क कुणालाच नाही. ग्रॅव्हलवाल्याला हे मान्य नसेल तर त्याने या वाटांवर येऊ नये. समोरून डोक्यावर मोळी घेतलेली बाई आली की पाय टेकवून थांबायचे, हा नियम ज्याला जड वाटतो त्याला शर्यतीचा ट्रॅक हवा आहे, वाट नको आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आरेतल्या, राष्ट्रीय उद्यानातल्या वारली आणि इतर आदिवासी पाड्यांना स्वतःच्याच वाटांवरचा हक्क अजून झगडून मिळवावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने चालत आलेले सामुदायिक हक्क मान्य करण्याची तरतूद केली, तरी दाव्यांचा निकाल ही दीर्घ लढाई आहे. अशा वेळी अंधेरीच्या इमारतीतून रविवारी येणाऱ्या सायकलवाल्याला आधी परवाना मिळाला तर ते लाजिरवाणे होईल. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यातून माझे मत दुबळे होत नाही, नेमके होते. क्रम ठरवावा लागेल. वाटेची पहिली नोंद पाड्यातल्या माणसाच्या नावे व्हावी, सायकल तिच्यावर नंतर आलेली पाहुणी म्हणून यावी. इंग्लंडमध्येही सायकल शेवटीच आली; पादचारी आणि घोडेस्वार आधीपासून होते. आणि व्यवहाराकडे पाहिले तर ज्या वाटेवर पाड्याचा आणि बाहेरच्या सायकलवाल्याचा, दोघांचाही नोंदलेला हक्क आहे, ती वाट उद्या एखाद्या प्रकल्पाने गिळणे अधिक अवघड जाते. मिठागरांच्या बाबतीत हे वेळेत झाले नाही. २०२४ मध्ये धारावीच्या पुनर्वसनासाठी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड इथली सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. त्या बांधांवरून कोण, किती वर्षे चालत आले याची नोंद कुठल्या सार्वजनिक नकाशावर असती, तर निदान तो प्रश्न चर्चेत आला असता.

उरतो कायद्याचा प्रश्न : हे इंग्रजी खूळ आपल्या कायद्यात बसते का? बसते, कारण आपला कायदा वाटांच्या बाबतीत अडाणी नाही. १८८२ च्या वहिवाट हक्कांच्या कायद्यात वीस वर्षांच्या उघड, शांततामय आणि अखंड वापराने जाण्या-येण्याचा हक्क पक्का होतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेला रस्ता खुला करून घेता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ शेतकऱ्याला बांधावरून वाट मिळवून देते. गावनकाशात पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात आणि तिची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने, साडेसोळा ते एकवीस फूट. तहसील कचेऱ्यांत आजही या रेषांवरून निकाल होतात. पाणंद आणि शिवरस्ते मोकळे करण्याच्या शासकीय योजना खेड्यांत चालू आहेत. ही यंत्रणा शेतीसाठी घडली आहे, उपनगरांत ती जशीच्या तशी लावता येणार नाही, हे खरे. पण अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे मुंबई उपनगर जिल्ह्याचे तीन तालुके आहेत, तिथे महसुली गावे आहेत आणि त्यांचे नकाशेही. शहर झाले म्हणून तुटक रेषांचा अर्थ कुणी रद्द केलेला नाही. फक्त तो वाचणे सोडून दिले आहे.

तेव्हा सिद्धान्त असा. उपनगरांना सायकलसाठी आधी नकाशा हवा, मग नियम, आणि शेवटी, हवेच असेल तर, बांधकाम. नकाशा तिन्ही तालुक्यांचा. त्यात गावठाणे, पाडे, कोळीवाडे यांच्या जुन्या वाटा, आरेचे आतले रस्ते, जलवाहिनीची देखभाल-वाट, मिठागरांचे बांध, सगळे यावे. माहिती इंजिनिअरने उपग्रहावरून काढू नये, वाट वापरणाऱ्यांनी सांगावी. नियम चारच पुरेत : पायी चालणारा आधी; मोटार आणि मोटरसायकल नाही, अपवाद तिथे राहणाऱ्यांचा आणि रुग्णवाहिकेचा; जंगलाजवळ फक्त उजेडात; पावसाळ्यात ठरलेल्या वाटा बंद. जलवाहिनीवर सुरक्षेचा मुद्दा पालिका पुढे करू शकत नाही, कारण तिनेच तिथे ३९ किलोमीटर सायकल चालवायचे ठरवले होते. फरसबंदी, दिवे, रंग, कमानी यांपैकी काहीही नको. खर्च करायचाच तर जिथे वाट मोठा रस्ता ओलांडते तिथे करावा. माणूस मरतो तो तिथे.

यावर ‘इतके सोपे असते तर झाले नसते का?’ असे विचारले जाईल. सोपे आहे म्हणूनच झालेले नाही. ज्या कामात सिमेंट लागत नाही त्याला कंत्राटदार मिळत नाही, आणि कंत्राटदार नसलेल्या कामाचा पाठपुरावा कुणी करत नाही. सायकलप्रेमी मंडळींनीही आजवर ट्रॅक मागितले, हक्क मागितला नाही. म्हणून त्यांना ट्रॅक मिळाले आणि ते पार्किंगला गेले. बांधा म्हणणाऱ्यांनी आता वांद्रे-कुर्ला संकुल, पवई आणि तानसा या तिन्हींचा हिशेब द्यावा आणि मग चौथा ट्रॅक मागावा. इंग्रजांकडून काही घ्यायचेच असेल तर त्यांच्या टेकडीचा हेवा सोडून १९६८ चे कलम ३० घ्यावे. ते आणायला निविदा काढावी लागत नाही.